कच्चा धागा

केळदच्या कड्यावर आग्या मोहोळं काढणाऱ्या कोंडिबाचा भरवसा दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःच्या हातची गाठ आणि दुसरा वर दोर धरणारा मेव्हणा सर्जेराव. भाऊ एखाद वेळी वाटणीपायी हात सोडील, पण मेव्हणा बहिणीचं कुंकू पुसणार नाही, असं वेल्ह्याच्या बाजारात लोक म्हणायचे. कोंडिबासमोर मात्र म्हणायचे नाहीत.

कारण धाकटा भाऊ सोनबा याच कड्यावरून दरीत पडून गेला तेव्हा दोराचं वरचं टोक कोंडिबाच्याच हातात होतं. पावसाळ्यात दोराचा वाख, घायपाताचा तो धागा, आतून कुजला होता. दोर मधेच तुटला. तरीही काही तोंडं कुजबुजलीच, कुणाकुणाचं तोंड धरणार? तेव्हापासून कुजकी सुतळी दिसली तरी कोंडिबा ती चुलीत घालायचा.

दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाल्यावर पुण्याहून टिपणीससाहेब आले. गिधाडं कुठं कुठं जातात हे त्यांना शोधायचं होतं. गिधाडाच्या पाठीवर एक यंत्र बांधायचं, मग त्याची टिकटिक दुरून ऐकू येते, असं ते सांगत होते.

"गिधाडाला दप्तर," कोंडिबाची बायको ठकुबाई म्हणाली. "आता साळंत बी घाला त्येला."

कपारीतल्या पिल्लापर्यंत पोचणारा कोंडिबाशिवाय दुसरा होता कोण? साहेबांनी त्याला यंत्राचा पट्टा दाखवला आणि पिल्लाच्या छातीवर त्याची टोकं जोडायला साधा सुती धागा दिला. "हाच बांधा, कोंडिबा. मुद्दाम कच्चा घेतलाय. वर्षभरात कुजून तुटेल आणि सगळं आपोआप गळून पडेल."

"व्हय," कोंडिबा म्हणाला, आणि त्याच्या मनात काही खोट नव्हती.

पण कपारीच्या खाली तीच दरी होती. पिल्लू उघडी मान वाकडी करून त्याच्याकडं बघत होतं. कोंडिबानं धागा बांधला, बोटानं ओढून पाहिला, आणि त्याला तो तसा सोडवेना. हे ऐन हवेत तुटलं तर? कमरेच्या पिशवीतला मेण चोळलेला वाख काढून त्यानं धाग्यावरून वेढे दिले आणि आपली गाठ मारली.

"बांधलं?" साहेबांनी विचारलं.

"पक्कं," तो म्हणाला.

पिल्लू उडालं. साहेब कानाचं यंत्र कोंडिबाच्याही कानाला लावायचे. आज पिल्लू भोंगवलीवर, तर उद्या सारोळ्याच्या पुलाजवळ, मेलेल्या ढोरापाशी. टिकटिक ऐकताना कोंडिबाला वाटायचं, दोराचं टोक आपल्या हातात आहे आणि खाली कुणीतरी जिवंत आहे. सोनबा गेल्यापासून इतकं सुख त्याला झालं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर टिकटिक एकाच जागेवरून येऊ लागली. "धागा तुटला. यंत्र पडलंय, काढून आणू," साहेब खुशीत म्हणाले. कोंडिबाला माहीत होतं, धागा कुजला तरी वरचा वाख तुटणं शक्य नव्हतं.

कड्याच्या पोटात, वाळक्या फांदीला गिधाड मरून उलटं लोंबत होतं. पट्टा झिजून ढिला झाला होता आणि फांदीत अडकला होता. फडफडून फडफडून पंखांची टोकं सोलली होती. किती दिवस जीव धरून होतं कुणास ठाऊक. वाखाला मात्र काही झालं नव्हतं. कोंडिबानं गाठ सोडायला बोटं लावली, पण ती सुटेना. शेवटी कोयत्यानं कापावी लागली.

"कच्चं सोडवलं न्हाई मला, सायेब, वरनं वाख बांधला," वर आल्यावर तो म्हणाला. "म्या मारलं त्येला."

टिपणिसांनी कापलेली गाठ हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही." तेच त्याला सोसलं नाही.

त्यानंतर तो कड्यावर गेला नाही. सर्जेराव दोर घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा आणि परत जायचा. एकदा गाईचं दावं तुटलं तेव्हा ठकुबाईनं नवी सुतळी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती हातात घेतली आणि तसाच बसून राहिला.

"सोनबा तुटलं म्हनून गेला, आन् ह्ये तुटलं न्हाई म्हनून," तो म्हणाला. "आता कसली गाठ मारू म्या?"

ठकुबाईनं सुतळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि गाय बांधायला ती स्वतःच गोठ्यात गेली.