लांबवलेलं बाळंतपण

लढाईच्या त्या वर्षांत आमच्या आष्ट्याकडच्या गावात उकळलेलं पाणी प्यायचा मान फक्त बाळंतिणीचा. ओवा घालून पाणी उकळायचं आणि कोमट झालं की तांब्या तिच्या उशाशी ठेवायचा. धडधाकट माणसानं ते प्यालं तर अंगातली ताकद जाते, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. त्यांच्यापुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. मालक तर पलटणीत, लांब.

माझ्या तीन वर्षांच्या थोरलीला आंव धरली होती. मुरडा यायचा, रक्त पडायचं, पोर वाळून काडी झाली होती. इस्लामपूरच्या डॉक्टरांच्या सुयांनी उतार पडायचा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "बाई, विहिरीच्या पाण्यातनं किडे पोटात जातात. पाणी उकळून पाजा, नाहीतर पोर हाताला लागायची नाही."

सासूबाईंनी उडवून लावलं. "त्याच हिरीच्या पान्यावर माजी पोरं वाढली." न वाढलेल्यांचं नाव त्या काढत नव्हत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तेव्हा धाकट्याची बाळंतीण. सव्वा महिना भरला, उठायची वेळ आली. उठले की तांब्या बंद! मी कंबर धरली आणि सासूबाईंपुढं कण्हत अंथरुणातच राहिले. "आत्याबाई, लय दुखतंय वो."

तांब्यातलं पाणी गुपचूप थोरलीच्या पोटात जायला लागलं. शेजारणी दारातून हसायच्या, "हिचं बाळंतपण हाय का चातुर्मास?" जाऊबाई भांडी आदळायच्या. मी ढिम्म हलले नाही. हळूहळू मुरडा थांबला, गालांवर मांस चढलं. पोर अंगणात पळताना दिसली तेव्हा मी पांघरुणात तोंड खुपसून आनंदानं रडले.

पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरलं आणि सगळं घर परसाकडं धावायला लागलं. चांगल्या होतो त्या आम्ही दोघी मायलेकी; धाकटा तर अंगावरच पीत होता. एका दुपारी सासूबाई भिंत धरत खोलीत आल्या. थोरलीनं तांब्या तोंडाला लावलेला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं.

त्या मटकन खाली बसल्या आणि हातातली वाटी पुढं केली.

"सटवे, मलाबी बाळंतीण कर."

मी वाटी भरून दिली, पदर खोचला आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं.