सोडल्यावर उडणारी बंदूक

राऊत सर मागे वळले, तेव्हा त्यांच्या हातातली बंदूकही त्यांच्याबरोबर वळत होती. त्यांनी चाप ओढला होता, बार झाला नव्हता, आणि तेच सांगायला ते वळत होते. "अगं रंजना, ही उडालीच..." मी त्यांच्या मागे काही पावलांवर बटण हातात घेऊन उभी होते. बंदुकीची लांब नळी माझ्या गुडघ्यांच्या रेषेत येत होती.

मी ओरडले, "नळी समोर!"

"सर" म्हणायचं राहूनच गेलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील तलासरीच्या डोंगराकडच्या बाजूला भात आणि नागली करतात. शनिवार-रविवारी मी एका शूटिंग रेंजवर काम करते. पूर्वी तिथे दगडखाण होती. तीन बाजूंनी उंच कडा आहे, त्यामुळे छर्रे बाहेर जात नाहीत. घरी या कामाचं सांगितलं, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या हातात बंदूक असणार का?" मी म्हटलं, "नाही, बटण." मग ते म्हणाले, "तर मग जा."

माझ्या पदाला पुलर म्हणतात. ट्रॅप नावाच्या खेळात जमिनीतल्या खड्ड्यात एक मशीन असतं. ते बशीएवढी मातीरंगाची चकती जोरात पुढे फेकतं. तिला आम्ही बर्ड म्हणतो. शूटर बंदूक खांद्याला लावून "पुल" म्हणतो, मी बटण दाबते, बर्ड उडतो. तो डावीकडे जाणार की उजवीकडे, हे मलाही माहीत नसतं. शूटरने तो हवेतच फोडायचा. फुटला की मी "हिट" म्हणते, नाही तर "लॉस". बर्ड कुठे गेला हे सगळेच बघतात. पुलरने मात्र शूटरकडेही लक्ष ठेवायचं असतं. हे मला तांडेल काकांनी शिकवलं.

तांडेल काका डहाणूजवळच्या नरपडचे. पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता ते आमचे रेंज ऑफिसर आहेत. म्हणजे मेंबर कितीही मोठा असो, रेंजवर शब्द काकांचा. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात खाणीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं, तिकडून "नळी समोर" असं ओरड. मला ओरडता येईना. कॉलेजात हजेरी देतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत जात नसे. काका कड्याखालून चालत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "गो पोरी, तुला टोपली घेऊन बाजारात बसवली ना, तर सगळे मासे तू संध्याकाळी घरी परत आणशील." काकींचा डहाणूच्या बाजारात मासळीचा धंदा आहे, त्यामुळे हे मत त्यांनी अनुभवाने दिलं होतं. मग प्रत्येक वेळी काम सुरू होण्याआधी मी ओरडायची. हळूहळू कड्यावरून आवाज परत यायला लागला.

काकांचा दुसरा नियम जास्त चेष्टेचा होता. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक उघडायची नाही, खाली घ्यायची नाही, वळायचं नाही. नळी समोर धरून तीनचा पाढा मोठ्याने आणि सावकाश म्हणायचा. कारण कधीकधी काडतुसातली दारू उशिरा पेट घेते. बंदूक गप्प बसली असं वाटतं आणि नंतर बार होतो. मुंबईहून येणारे तरुण मेंबर यावर फार हसायचे. एकाने विचारलं होतं, "काका, पाढा येत नसेल तर मोबाईलवर बघू का?" काका म्हणाले, "बघ. पण नळी समोर धरून बघ."

आता बंदुकीबद्दल.

डहाणूतल्या एका डॉक्टरांची ती बंदूक. ते तरुणपणी परदेशात होते, तिथून आणलेली. एकाच नळीची. साध्या शिकारी बंदुकीला बहुतेक दोन नळ्या असतात. ट्रॅपमध्ये एका बर्डला एकच बार, म्हणून पूर्वी परदेशात खास या खेळासाठी एकनळी बंदुका बनवत. नळी खूप लांब, वर पुलासारखी उंच पट्टी, सगळं वजन पुढे, म्हणजे बर्डच्या मागे हात वाहता राहतो. अशा बंदुका आता बनतातही कमी, आणि आपल्याकडे बाहेरून आणणं जवळजवळ बंदच आहे. ज्या आहेत त्या आहेत.

डॉक्टर वारले. त्यांची मुलगी नीलाताई बोर्डीला शिक्षिका आहे. तिच्याकडे लायसन नाही आणि तिला ते नकोही होतं. लायसन नसेल तर बाबांची असली तरी बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती डीलरकडे जमा होती. कोणी लायसनवाल्याने ती घेतली नाही, तर शेवटी सरकारजमा होते आणि तोडली जाते. नीलाताईला कळलं तेव्हा ती राऊत सरांकडे गेली. सर बोर्डीचेच. चिकूची वाडी आहे, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. जुन्या बंदुकांचा त्यांना नाद. पण लायसनवर दोनच बंदुका ठेवता येतात आणि त्यांच्याकडे दोन होत्या. ही घ्यायची तर त्यातली एक द्यायची. सरांनी तीही तयारी केली. अट एवढीच, की तांडेल काकांनी बंदूक चालू आहे असं म्हटलं पाहिजे. चालत नसलेली बंदूक लायसनवर ठेवून चालती बंदूक घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणजे त्या रविवारी काका जे म्हणतील, त्यावर बंदूक राहणार की तुटणार हे ठरणार होतं.

काकांनी ती डीलरकडे जाऊन आधी तपासली होती. नळीत गंज नाही, पोचा नाही. जुन्या बंदुकांत काडतुसाची जागा कधीकधी आजच्यापेक्षा आखूड असते, आणि लांब काडतूस घातलं तर नळी फाटू शकते. काकांनी तीही मोजली, ठीक होती. फक्त चाप ओढून बघितला नाही. जुनी बंदूक रिकामी असताना चाप ओढू नये, आतली पिन तुटते, असं सगळे जाणकार मानतात. डीलरनेही कधी ओढला नव्हता. म्हणजे डॉक्टर गेल्यापासून त्या चापाला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं, आणि ते काळजीपोटीच.

रविवारी डीलरचा माणूस बंदूक घेऊन आला. नीलाताई दुपट्टा डोक्यावर घेऊन मागच्या बाकावर बसली. राऊत सरांनी बंदूक खांद्याला लावली आणि "पुल" म्हणाले. मी बटण दाबलं. बर्ड उजवीकडे गेला. सरांनी चाप ओढला. काही झालं नाही. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

मी ओरडल्याबरोबर सर जागच्या जागी फिरले. नळी परत कड्याकडे गेली. मला वाटलं आता रागावतील. गणिताच्या मास्तरांना असं कोणी दरडावलं नसेल. पण त्यांनी समोर बघतच म्हटलं, "बराबर, बराबर. पाढा ना?" आणि वर्गात म्हणायचे त्याच चालीत सुरू केलं. "तीन एके तीन, तीन दुणे सहा..." बाकावरून कोणीतरी हसलं. "तीन सक अठरा" म्हणता म्हणता त्यांनी हाताची पकड जरा सैल केली आणि बार झाला. समोरच्या जमिनीतून धूळ उडाली.

हसणं थांबलं. मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. ते जागेवर होते.

काकांनी बंदूक उघडून काडतूस बघितलं. म्हणाले, जुन्या खोक्यातलं असेल, उशिरा पेटलं. त्यांनी नव्या खोक्यातलं काडतूस घेतलं आणि या वेळी स्वतः उभे राहिले. नळी समोर, चाप ओढला, गप्प. काकांनी सवयीने चापावरून बोट काढलं. "तीन एके" म्हणायच्या आत बार झाला.

काकांनी बंदूक उघडून टेबलावर ठेवली. मग राऊत सरांना म्हणाले, "सर, घोडा धरून ठेवणारी आतली पकड गेलीय हिची. कधी सुटेल नेम नाही. अशी बंदूक मी रेंजवर घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका."

सरांनी मान हलवली. डीलरचा माणूस पेटी उघडायला लागला. नीलाताई उठून टेबलाजवळ आली आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर हात ठेवून उभी राहिली. तिथे डॉक्टरांचा गाल टेकायचा ती जागा गुळगुळीत झाली होती. ते बघून मला वाईट वाटलं.

मला एक गोष्ट सांगायची होती. पण काकांनी निकाल दिल्यावर बोलावं का, कळेना. ते माझे साहेब, आणि बंदुकीचं मला काय कळतं? मी दोनदा तोंड उघडून मिटलं. काकांनीच विचारलं, "काय गो? माशासारखी काय करतेस?"

मी म्हटलं, "काका, मला कारण माहीत नाही. मी फक्त बघितलं ते सांगते. दोन्ही वेळा बोट सैल झालं तेव्हा बार झाला. सरांचं उशिरा सैल झालं, उशिरा झाला. तुमचं लगेच झालं, लगेच झाला."

काका म्हणाले, "म्हणजे पकड गेलीय, तेच तर..." आणि थांबले.

नीलाताईने मान वर केली. "पण पप्पा चाप आधीच ओढून धरायचे," ती म्हणाली. "बंदूक खांद्याला लावली की पहिल्यांदा चाप. मग पुल म्हणायचे. मी लहान असताना मागे बसून बघायची. मला वाटलं सगळे तसंच करतात."

काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे. त्यांनी आपल्या हत्यारांच्या डब्यातून नकली काडतूस काढलं. त्यात दारू नसते, स्प्रिंग असते, त्यामुळे पिनीला इजा होत नाही. ते घालून नळी कड्याकडे धरली. चाप ओढला, आवाज नाही. धरून ठेवला, आवाज नाही. बोट सोडलं. टक. पुन्हा केलं. टक. प्रत्येक वेळी अगदी सोडल्याक्षणी.

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले. "सर, ही बिघडलेली नाही. ही अशीच बनवलीय. ओढून धरायची, सोडली की उडते. ऐकलं होतं असं काही असतं म्हणून. एवढ्या बंदुका हातावरून गेल्या, कधी बघितली नव्हती." मग नकली काडतूस बंदुकीतून काढून म्हणाले, "हे सकाळपासून डब्यातच होतं. बंदुकीची काळजी एवढी केली सगळ्यांनी, की तिला विचारायचंच राहिलं."

असा चाप का करतात, हे काकांनी तिथूनच कोणाकोणाला फोन करून शोधून काढलं. हजारो बार करून काही शूटर बिचकायला लागतात. धक्का येणार हे अंगाला आधीच कळतं, आणि ऐन वेळी बोट ओढलंच जात नाही, अडकतं. अडकलेलं बोट सोडणं सोपं असतं. म्हणून चाप उलटा करून घेतात. डॉक्टरांनी तेच केलं असणार. बार करायचा नसेल, तर चाप धरूनच बंदूक उघडायची, मग सोडायचा.

हे ऐकून राऊत सर काकांच्या शेजारी येऊन बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्यापेक्षा काकांसाठी होतं. गेली काही वर्षं त्यांचंही बोट अडकत होतं. बर्ड चुकले की ते सगळ्यांना मोतीबिंदूचं कारण सांगत होते.

त्याच दुपारी काकांनी त्यांना नकली काडतुसावर पुष्कळ वेळ सराव करायला लावला आणि मगच खरं दिलं. खांद्याला, चाप, मग "पुल". पहिले बर्ड तसेच गेले. मी "लॉस, लॉस" म्हणत राहिले. मग एक डावीकडे गेला, सरांचे हात त्याच्या मागे न अडखळता वाहिले, बोट सुटलं आणि बर्डची धूळ झाली. मी "हिट" म्हणायच्या आधी नीलाताई टाळ्या वाजवत होती.

बंदूक आता रीतसर सरांच्या लायसनवर आहे. दस्त्यावर लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलंय: सोडल्यावर उडते. ती कोणाच्याही हातात द्यायच्या आधी ही पट्टी वाचून दाखवायची, असा रेंजवर नवा नियम झाला.

संध्याकाळी मी जीपची वाट बघत होते, तेव्हा सर गाडी थांबवून उतरले. मी माफी मागायला लागले, की तुमच्यावर ओरडले. ते म्हणाले, "तू सर म्हणत बसली असतीस, तर मला तेवढ्यात अजून वळायला वेळ मिळाला असता." एवढं बोलून त्यांनी चिकूंची पिशवी माझ्या हातात दिली. घरी वडिलांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चिकू सोलत बसले. मग म्हणाले, "त्या तांडेलांना म्हणावं, नागली काढली की पहिली पायली त्यांच्या घरी." ती दिली. काकी म्हणाल्या, आता मासे न्यायला ये.

मी काकांची ऋणी आहे, कारण त्यांनी मला आधी ओरडायला शिकवलं आणि नंतर काय सांगायचंय ते विचारलं. दुसरं फार कमी साहेब करतात. नीलाताईची ऋणी आहे, ती त्या बाकावर बसून होती म्हणून. आणि राऊत सरांची, कारण मी ओरडल्यावर ते फिरले, का म्हणून विचारत बसले नाहीत.

बाकी शिकण्यासारखं थोडंच आहे. बंदूक गप्प राहिली, तर ती संपली असं समजू नये. नळी समोर ठेवावी आणि तीनचा पाढा पूर्ण म्हणावा. मुंबईचे मेंबर आता म्हणतात. एकाने पाठसुद्धा केलाय.