दाजींच्या घरातलं मांसाहारी झाड

हिंसेला दाजींइतका भिणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, आणि अशा माणसाच्या घरात मांस खाणारं झाड मी, त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने, स्वतःच्या हाताने नेऊन ठेवलं! आजही आठवलं की माझे कान गरम होतात. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान. घर लिंगायत वाण्याचं, अंड्याचा नुसता उच्चारही तिथे चालत नसे. पण दाजींचं प्रकरण त्याच्याही चार कोस पुढचं. संध्याकाळी दिव्यावर किडे झेपावू लागले की हा माणूस दिवा मालवून अंधारात भाकरी चाचपत बसायचा. गव्हात किडा सापडला तर त्याला कागदावर घेऊन मागच्या अंगणात सोडायचे, आणि वर चिमूटभर गहू त्याच्यासोबत! "त्याला बी पोट हाय की," म्हणायचे.

घराघरांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, दुकानांत शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या, ते दिवस. एकदा टाय लावलेला एक एजंट डास मारायच्या नव्या विलायती वड्या घेऊन आला. दाजींनी त्याला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल लई झ्याक हाय साहेब, पन डासानं तुमचं काय वाकडं केलंय?" बिचाऱ्याने बाही वर करून हात दाखवला. सगळे चावेच चावे. दाजींनी त्यावर खोबरेल चोळलं आणि त्याला वाटेला लावलं.

मी तेव्हा कृषी खात्यात, कोकणात. भाऊबीजेला येताना कातळावरचं एक इवलंसं रोप डब्यात घालून आणलं. रुपयाएवढं, लालसर, पानापानावर चिकट थेंब. नाव दवबिंदू. ते किडे खातं हे मला ठाऊक होतं. गंमत बघावी म्हणून सांगितलं नाही, हे आज कबूल करतो. बाकी सगळं सांगितलं. खत घालू नका, वाळूत आणि नारळाच्या भुशात लावा, ऊन दाखवा, खालच्या ताटलीत पाणी ठेवा, पण बोअरचं क्षाराचं नको. दाजी ट्रॅक्टरच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल वॉटरची बाटली घेऊन आले आणि रोप पूजेच्या पाटासमोरच्या खिडकीत ठेवलं. "पाव्हणं, देवानंच शिंपडल्यावानी दिसतंय हो!"

तिसऱ्या दिवशी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले असताना समोर एक चिलट पानावर उतरलं. उडेना. दाजी बघत राहिले. पान हळूहळू त्याच्यावर वळलं, आणि घरातून अशी आरोळी उठली की पुढच्या दुकानातली गिऱ्हाईकं पिशव्या टाकून आत धावली. "अगं ये, हे जित्तं खातंय!" दाजी पांढरेफटक पडले होते. आक्का माझ्याकडे वळली. "लोकं भाऊबीजेला साडी आनत्यात, माज्या भावानं राक्षस आनला!" मला तोंड लपवायला जागा मिळेना.

आता पंचाईत अशी, की फेकावं तर तोही जीव आणि ठेवावं तर रोज हत्या. मग दाजींनी झाडाला शाकाहारी करायचं ठरवलं. आई शप्पथ, खोटं सांगत नाही! पानांना वरणाचं पाणी लावलं, दुधाचा थेंब दिला, पेढ्याचा कण चिकटवला. पानं काळी पडली, बुरशी धरली. मला कार्ड आलं: "ताकसुद्धा घेत नाही." मी कळवलं, काही भरवू नका, नुसत्या उन्हापाण्यावरही ते कसंबसं जगतं. झालं! दाजींनी कुंडीवर मलमल बांधली, चिलटाला फटसुद्धा ठेवली नाही, आणि गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आता सात्त्विक झालंय."

माघात गेलो तर रोप आक्रसून सुपारीएवढं झालेलं. मलमलीने ऊनही अडवलं होतं. शेजारी दाजी बसून. "खरं सांगा पाव्हणं, मरतंय का हे?"

"मरेल दाजी. उघडं ठेवलंत तर कदाचित वाचेल."

 दाजी उठले, हात धुतले, मलमल सोडली, घडी करून मांडीवर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारपर्यंत दोन चिलटं चिकटली.

"पाप कुणाला लागंल हो? त्याला का मला?"

"मला. मी आणलं ना!"

"छ्या! तुमी पाव्हणे. पाव्हण्याला कसं लागंल?"

त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. आक्काने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि तीही तशीच राहिली. मी एकटाच जेवलो. पुढे तो नेमच झाला. झाड जेवलं की हा माणूस उपाशी! आक्का चिडायची, रडायची. दाजी नुसते हसायचे. फाल्गुनात रोपाला बारीक पांढरी फुलं आली, तोवर दाजींचा सदरा त्यांच्या अंगावर झुलायला लागला होता.

वैशाखाच्या उन्हात रोप गेलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटला बिचारा. आठवड्याने त्यांचं कार्ड आलं. दुकानाची खुशाली, आक्काची खुशाली, आणि शेवटी दोन ओळी: "आता दोन्ही वेळा जेवतो. गोड लागत नाही."