शेळीच्या पुस्तकातलं लग्न

चष्मा घरी विसरून मी मुलांना पुस्तक वाचून दाखवायला बसलो, आणि एक अक्षर दिसत नसताना अख्खं पुस्तक वाचलं.

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी विहार आहे. तिथल्या हॉलमध्ये एका ताईंनी कपाटभर पुस्तकं जमवून मुलांसाठी रविवारची बैठक सुरू केली होती. मुलं यायची, पुस्तकांची चळत रचून तिचा स्टंप करायची आणि खेळून घरी जायची. मी चिकलठाण्याच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेला माणूस. गावी, देवगाव रंगारीला, भजनात खंजिरी वाजवायचो, हे ताईंना कुठूनसं कळलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही गोष्ट गाऊन वाचा. सूर कानात गेला की मुलं आपोआप पुस्तकाकडं वळतील. तुमच्यासारखं कुणी नाही इथं." स्तुती केली की मी कुठल्याही विहिरीत उतरतो. उतरलो.

पुस्तक एका शेळीचं होतं. ताईंनी त्याच्या सहा प्रती मुलांच्या घोळक्यात वाटल्या आणि सांगितलं, "आता हे आबा वाचतील. ते वाचतील त्या शब्दाखाली बोट ठेवायचं." तेव्हा मी खिशाला हात लावला. चष्मा दुसऱ्या शर्टात. घर चार दारं सोडून, पण मुलं पहिल्यांदाच गप्प बसली होती. उठावं तरी कसं?

चित्रं दिसत होती. एक म्हातारी, हातात छत्री, भिंतीवर शेळी. चित्रांखाली करडे पट्टे होते, ती अक्षरं असावीत. आमच्या भजनाचा एक नियम आहे, ओळ आठवली नाही तरी ठेका सोडायचा नाही. तोंडाला येईल ते म्हणावं, मागचे झेलतात. चाळीस वर्षं ह्याच नियमावर निभावलेलं. मी खंजिरीवर थाप मारली आणि म्हणालो,

"म्हातारी लग्नाला निघाली,
शेळी मागून म्हणाली..."

शेळी काय म्हणाली, तर मलाबी ने. पुढं लग्नात शेळीनं नवरदेवाचा फेटा खाल्ला, वरातीत बँडवाल्याला शिंग मारलं. मुलं लोळायची बाकी राहिली. ताई कपाटाला टेकून बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

पुढच्या रविवारी चष्मा आठवणीनं नेला. पहिलं पान उघडलं, तर लिहिलेलं, "आजी शेतात निघाली. शेळी भिंतीवर बसली." पुस्तकभर लग्नाचा पत्ता नाही. शेळी एका पाणकोंबडीचं घरटं राखते, एवढीच गोष्ट. मी प्रामाणिकपणे पहिली ओळ वाचली. घोळक्यातून एकदम आवाज आला, "आबा, चुकलं." मी पुन्हा वाचली. "चुकलं, चुकलं. लग्नाला." मी ताईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मुलं रमलीत काका, रमू द्या." मला काही सुधरेना. छापलेलं खरं, का वीस तोंडं म्हणतात ते? शेवटी चष्मा काढून ठेवला आणि लग्नाला निघालो.

त्या घोळक्यात पुढं बसणारी दुसरीतली एक मुलगी होती. तिला अक्षरं नुकतीच लागायला लागली होती. बाकीची पोरं टाळ्या वाजवायची, ही एकटी ताईंनी सांगितल्याप्रमाणं शब्दाखाली बोट सरकवायची. तिसऱ्या रविवारी ती पुस्तक घेऊन माझ्या मांडीला येऊन टेकली.

"आबा, ह्यो आ हाय ना?"

"व्हय."

"मग म्हातारी कसं?"

इथं माणसानं खरं सांगावं. मला मात्र सगळी पोरं ऐकताहेत असं वाटलं. मी म्हणालो, "आधी सुरात म्हण बेटा. अक्षरं मागून येतात." हे वाक्य मला कुठून सुचलं, देव जाणे. बोलल्यावर मला स्वतःलाच ते खोल वाटलं. ती थोडा वेळ 'आ'कडं बघत राहिली आणि मग तिनं बोट पुढं सरकवलं. पुढं 'निघाली' बरोबर 'निघाली'वर आलं, 'शेळी' बरोबर 'शेळी'वर. तेव्हा तिनं मनात काय ठरवलं असेल ते मला फार उशिरा कळलं.

दोन आठवडे ती आलीच नाही. मग एका संध्याकाळी तिची आई आमच्या दारात उभी. कंपनीत पॅकिंगला जाते, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतं. बसा म्हटलं तर बसली नाही.

"काका, तुम्ही पोरीला काय शिकवलं?"

"गोष्ट," मी म्हणालो.

"बाईंनी शाळेत फळ्यावर लिहिलं, 'माझी आजी शेतात जाते.' हिला वाचायला उठवलं. ही म्हणली, 'माझी म्हातारी लग्नाला जाते.' वर्ग हसला. आता घरी पुस्तक दाखवलं का तोंड फिरवती. म्हणती, मम्मी, मला नाय येत, माझी अक्षरं बदलत्यात."

मला आधी हसू आलं आणि ते तोंडावर यायच्या आत जिरून गेलं. पोरीनं सांगितल्याबरहुकूम बोट ठेवलं होतं. आजी म्हणजे म्हातारी, शेतात म्हणजे लग्नाला. दोन शब्द खरे निघाले म्हणून उरलेल्या चारांवरही तिनं विश्वास ठेवला. आणि जो एक 'आ' तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता, तो मी माझ्या खोल वाक्यानं पुसला.

"तिला येत होतं काका," आई म्हणाली. "मला शाळा नाय जमली. ती दुकानाच्या पाट्या वाचून दाखवायची मला, रस्त्यानं जाता जाता. आता बंद."

ती गेल्यावरही मी दारातच उभा होतो.  गाणं सोडावं, तर बाकीची पोरं पुन्हा स्टंप रचतील. ठेवावं, तर हिचं काय? ताईंना विचारलं, तर त्याही घोटाळल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम बदलताय. नवीन पद्धत असेल."

रविवारी त्या मुलीला तिची आई हाताला धरून घेऊन आली. मुलगी मागं भिंतीला चिकटून बसली. मी चष्मा लावला, खंजिरी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोरांनो, मी जे गायलो ते ह्या पुस्तकात नाही. लग्न मी पदरचं घातलं."

कुणी दचकलं नाही. चौथीतला एकजण शांतपणे म्हणाला, "आम्हाला माहीत हाय आबा. आम्ही घरी नेऊन वाचलं ना. तुम्ही कुठं कुठं थाप हाणली ते बघायला लई मजा येती."

म्हणजे माझ्या खोट्यापायी चार-पाच जणांनी पुस्तक घरी नेऊन वाचलं होतं, आणि एकीनं वाचणं सोडलं होतं. ह्याचा हिशेब मला तेव्हाही लागला नाही, आजही लागत नाही.

मी पुस्तक घेऊन भिंतीशी गेलो आणि त्या मुलीसमोर बसलो.

"तू म्हणाली होतीस ना, हा आ आहे म्हणून? तो आ-च आहे. तुझं बरोबर होतं. अक्षरं बदलत नाहीत. मी चुकीचं सांगितलं."

 तिनं आईकडं बघितलं, मग पानाकडं.  मागं पोरांची चुळबुळ सुरू झाली होती आणि माझा हात सवयीनं मांडीवर ठेका धरायला निघाला होता, तो मी दाबून धरला. मग तिचं बोट आलं.

"आ... जी. आजी." थांबली. "शे... ता... त. शेतात?"

"शेतात."

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं आणि आईला विचारलं, "खरंच शेतात हाय का?" आईला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "तूच बघ ना." मुलीनं पुन्हा एकेक अक्षर लावून बघितलं. शेतातच होतं. मग शेळी भिंतीवर बसेपर्यंत ती थांबली नाही.

पान उलटताना तिनं विचारलं, "मग तुम्ही लग्नाला का म्हणले?"

"मला काय लिहिलंय ते कळतच नव्हतं," मी म्हणालो. "आणि सांगायची लाज वाटली."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. चेहऱ्यावरचा संशय गेला होता, त्या जागी दया आली होती. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"आबा, वाचता येत नाय तं शाळेत जायचं. गाणे काय म्हणत बसता?"