चेअरमनच्या बारीक फोडी

भाजी चिरायला घेण्याआधी ते दाराला आतून कडी घालायचे. मग खिडकीतून मला, शेजारणीला, विचारायचे, “वहिनी, रस्त्यानं कोन येतंय का?” मी “न्हाई” म्हटलं की मगच सुरी हातात धरायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, चोरी न करता चोरासारखा वागणारा.

ते आमच्या गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. आमच्या युसूफ वडगाव गावच्या बाजारात ते नुसते उभे राहून बोलले तरी माणसं आपोआप बाजूला व्हायची. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्काला लकवा मारला, उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं आणि धड गिळता येईना. फोड जरा मोठी राहिली की घशात अडकायची. सगळं वाटून दिलं तर ती तोंड फिरवायची. भाजी भाजीसारखी दिसायला पाहिजे, हा तिचा हट्ट. पोरगा पुण्याला कंपनीत. सकाळी दोघांच्या भाकरी थापून मी शाळेत खिचडी शिजवायला जायचे. भाजी चेअरमनच्या गळ्यात पडली.

आता गंमत बघा. सप्ताहाच्या पंगतीसाठी गावातले बाप्ये रांगेने बसून पोत्यानं वांगी चिरतात, आणि त्या रांगेत हे सगळ्यात पुढे, टोपी तिरपी करून. तिथं मान. घरात चार वांगी चिरायची तर कडी.

पंगतीतली चिराई म्हणजे एका वांग्याचे चार तुकडे. बारीक चिरायला लागले की बोटं रक्तबंबाळ. मी खिडकीतूनच शिकवलं. “नखं आत वळवा भाऊजी. कांद्याचा बुडखा आधी उडवू नका, तो पाकळ्यांना धरून ठेवतो. बटाटा मधून कापा, सपाट बाजू खाली ठेवा, मग डुलत न्हाई.”

“विळीवर बसनार न्हाई बरं का मी,” ते बजावायचे.

“नका बसू. पण सुरीला धार लावा. बोथट सुरीच बोट कापते.”

शिकले हळूहळू. दोडका असा चिरायचे की मलाही हेवा वाटावा. पण दारात पाऊल वाजलं की सुरी उशीखाली, आणि येणाऱ्याला सांगायचे, “आत ती करतीया सैपाक.” अक्का तर समोर बाजेवर बसलेली असायची. येणारा तिच्याकडे बघायचा, मग जमिनीकडे.

मग तो दुष्काळ आला. सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली. चारा वाटपावर नजर ठेवायला चेअरमनना तिथंच मुक्काम करावा लागला, म्हणून अक्कालाही नेलं. आमच्या म्हशीमुळे मीही शेजारच्याच खोपीत. छावणीत कसलं दार आणि कसली कडी? चार मेढी आणि वर कापड. पहिल्या दुपारी त्यांनी सुरी पिशवीतून काढलीच नाही. “दिवस मावळू दे,” अक्काला म्हणाले, आणि चाऱ्याच्या ट्रॉलीकडे गेले.

अक्का भुकेली. पलीकडच्या बाईनं मायेनं भाकरी आणि वांग्याची भाजी पुढे केली. फोड घशात बसली. अक्काचे डोळे पांढरे झाले, मी ओरडले, ते धावत आले आणि तिला वाकवून पाठीवर थापा मारत राहिले. शेवटी फोड बाहेर पडली. ती तळहातावर घेऊन ते किती तरी वेळ बघत होते.

“मरत होती ही,” म्हणाले. “माज्या लाजंपायी. थू हाय माज्यावर, वहिनी.”

मग त्यांनी पोतं अंथरलं, पाट घेतला आणि भर उन्हात, सगळ्या छावणीसमोर, गवार चिरायला बसले. पोरंसोरं जमली. एक म्हणालाच, “चेअरमन, बायकांची कामं तुमी काहून करता?”

“तू वैरन घे अन् वाटंला लाग बे,” ते मान वर न करता म्हणाले. कान लालभडक झाले होते. पुढे रोज चिरत राहिले आणि कान रोजच लाल व्हायचे. त्यांची लाज काही गेली नाही. चिरायचं मात्र एक दिवस चुकलं नाही.

छावणी उठल्यावर काही वर्षांनी ते अचानक गेले. आता अक्काची भाजी मी चिरते. सोसायटीच्या पटांगणात शोकसभा झाली. अक्काला मी खुर्चीत बसवून नेलं. एकामागून एक वक्ते उठले. कारखान्यावर नेलेला मोर्चा झाला, छावणीतला चोख कारभार झाला. सुरीचं, पाटाचं कुणी नाव काढेना. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही मेलेल्या माणसाची अब्रू झाकावी तसे गप्प होते.

अक्का चुळबुळ करायला लागली. मग तिच्या तुटक आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “भाजीचं... सांगा की.”

सभा चालवणारे पुढारी खाकरले. “अक्का दुःखात हायेत,” म्हणाले, आणि सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं राहायला सांगितलं. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो. अक्काला उभं राहता येत नव्हतं. त्या शांततेत ती खुर्चीतून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “सांगा की. सांगा की.”