मोराच्या पायाखालचं सिमेंट

"मोराचे पाय झडाक लागले रे," आई फोनवर म्हणाली आणि मी बेळगावहून बाइक काढली. मोर म्हणजे पेडण्याच्या घरी देवखोलीत बाबांनी केलेलं कावीकाम: तांबड्या मातीच्या चुन्यावर पांढरा चुना, आणि तो खरवडला की उमटणारी तांबडी रेघ. बाबा गेले, मोर राहिला. गेल्या गणेशचवथीआधी त्याच्या पायाशी ओल दिसली, तेव्हा मी, सिव्हिल इंजिनियर, एका दुपारीत सिमेंट थापून मोकळा झालो होतो.

चोर्ला घाटाने याल तर पेट्रोल आधी भरा. डिचोलीत पातळभाजी-पाव खा, स्वस्त आणि झणझणीत. मी उभ्यानेच गिळला. पुढे खनिजाचे ट्रक रांगत होते आणि मी उगाच हॉर्न बडवत होतो.

मयेला लोक तळ्यासाठी थांबतात. मी बाबांचे जोडीदार गवंडी भिकूमाम आणि त्यांचा शिंपल्यांच्या चुन्याचा डबा उचलायला थांबलो.

घरी पोचताच त्यांनी भिंतीला तळहात लावला. "सिमीट कोणें घालां?"

"मी."

"भिंतीक घाम येता, पुता. तुवें खालची वाट बंद केली, तो मोरातल्यान भायर सरलो."

चुना हवा खात सावकाश दगड होतो आणि ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं. परीक्षेत हे मी लिहिलं होतं!

दुसऱ्या दिवशी सिमेंट फोडताना मी छिन्नी जोरात हाणली आणि शेपटीची तीन पिसं खाली आली. आईने तुकडे सुपात गोळा केले.

भिकूमामांनी चुन्यात गुळाचं पाणी घातलं. त्याने चुना मऊ पसरतो, तडकत नाही. मी आणखी ओतायला गेलो.

"चड घालशी जाल्यार घट जावचो ना. आनी मुयो येतल्यो!" मुंग्या भांड्यावर आल्याच होत्या.

तिसऱ्या दिवशी तांबड्यावर पांढरा थर चढला. पाय मामांनी कोरले आणि बाबांचा कोरायचा खिळा माझ्या हातात दिला. ओल्या चुन्यावर अंगठ्याचा ठसा उठेनासा झाला की कोरायचं. मला कुठला धीर! पहिल्या पिसाच्या कडा चुरगळल्या, रेघ वाकडी गेली. मामांनी खिळा काढून घेतला. मग तासभर मी भिंतीसमोर नुसता बसून राहिलो. एवढा वेळ मी बाबांजवळही कधी बसलो नव्हतो. उरलेली दोन पिसं त्यानंतर मीच कोरली, ठसा उठेनासा झाल्यावर.

बेळगावला परतल्यावर पुन्हा तीच धावपळ. परवा आईचा फोन आला. भिंत सुकली होती.

"शेजारीण विचारी होती, तुझ्या बाबांनी ह्या एक पीस वाकडां कसां काडलां?"

"मग?"

"सांगितलंय, तां माझ्या झिलाचां. त्याका थांबूक जमणा नाय. पण फुडची दोन बघ."