दारात अडकलेला सांगाडा

केदारखेड्याहून सकाळच्या एसटीत बसले, ती गौतमला घरी आणायचं ठरवूनच. तो माझा एकुलता एक मुलगा. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याला कामाला गेला, तो तिकडचाच झाला. आता कामाबरोबर दूर शहरात राहायला चालला होता. त्याचा बाप गेल्या साली वारला. घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं.

गाडी भोकरदनहूनच भरून आली. कंडक्टर म्हणाला, "आजी, उभं राहावं लागंल."

"मंग काय झोपून येऊ?"

एका बाईनं हसून जागा दिली. राजूरपुढं रान कोरडं पडलं होतं. कापसाच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या.

"लेकाकडं निघाल्या का?" बाईनं विचारलं.

"त्याला आणायला."

"येतो म्हनला का?"

मी मांडीवरच्या पिशवीतले धपाटे चाचपून पाहिले.

जालन्यात चप्पल तुटली. ती हातात धरून मस्तगडापर्यंत चालत गेले. गौतमचा कारखाना म्हणजे विटांची एक शेड. आत बैलगाडीपेक्षा मोठा लोखंडी सांगाडा होता. त्यात गार हवा खेळवायचे पत्र्याचे चौकोनी नळ, पाण्याचे पाइप, विजेच्या तारा, सगळं बसवून झालेलं.

"माय, हे वस्तुसंग्रहालयाचं काम हाय," गौतम म्हणाला. "तिथं जुनी कापडं अन् लाकडाच्या मूर्ती हायेत. त्यायला गरमी चालत न्हाई, धूळ चालत न्हाई. इमारत बी अशी, की दालनात दालन. तिथं ठोकाठोकी जमत न्हाई, म्हनून इथंच सगळं जोडून राह्यलो. तिथं निस्तं उचलून बसवायचं."

"मूर्तीला गार वारा लागतो म्हण. अन् मला काय लागतं?"

तो हसला नाही. आमच्या गावात तोवर वीजही आली नव्हती.

बाहेर ट्रक उभा होता. माणसांनी गोल लाकडांवरून सांगाडा ढकलत आणला, अन् तो दारातच अडकला. आतला गारवा टिकावा म्हणून नळांना वरून जाड अस्तर चिकटवलेलं होतं.

"माप कोणी घेतलं?" कारखाना चालवणाऱ्या करीम मिस्त्रीनं विचारलं.

"म्या," गौतम म्हणाला. "बराबर व्हतं. पण अस्तर लावायच्या आधी घेतल्तं."

"वा! रजई घेतली की माणूस जाडा होतो, येवढं मालूम न्हाई तुला? अस्तर काढून पुन्हा लावायला आठवडा जाईल. माल आज न्हाई गेला, तर तू मायसोबत गावी जा. बिलकुल परत येऊ नको."

मी पोत्यावर बसून ऐकत होते. मला हेच तर हवं होतं. पण गौतम सांगाड्यावर हात ठेवून उभा होता. बापाच्या मयतीतही त्याचं तोंड असं झालं नव्हतं.

"भिंत पाडा," मी म्हणाले.

"मावशी, जागा भाड्याची हाय. मालक बोंबलेल."

"मंग पुन्हा बांधून द्या. विटाच तर हायेत."

मिस्त्रीनं भिंत ठोकून पाहिली. मग त्यानं पहार मागवली. चौकट निघाली, बाजूची भिंत उतरायला लागली. दुष्काळात मी खडी फोडली होती, विटांचं काय! मी विटा उचलून बाजूला ठेवू लागले.

"माय, तू बस."

"तू तुझं काम कर."

दुपारी सांगाडा ट्रकवर चढला. मी गौतमला धपाटे अन् येसर (आमटीत घालायचं भाजल्या धान्याचं पीठ) दिलं.

"तिथं आमटी कोन करनार?"

"तू. शीक."

"जयंतीला येतो, माय."

"आला तर ये."

तो सांगाड्याशेजारी चढून बसला. ट्रक हलला तेव्हा तो दोराच्या गाठी तपासत होता.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. कोणी काही विचारलं नाही. हाताला विटांचा रंग तसाच होता. त्याला अडवणारी भिंत मीच उचलून ठेवली, याचं मला वाईट वाटत नाही. नोकरी गेलेला मुलगा घरी येऊन बसला असता, तरी तो माझ्याशी बोलला नसता.

घराचं दार बुटकं आहे. गौतमचं कपाळ दरवेळी चौकटीला आपटायचं अन् तो शिवी द्यायचा. मला वाकावं लागत नाही. आत गेले, चिमणी लावली. दार उघडंच ठेवलं, तेवढाच वारा.